बियाला ठेवलेलं घोसाळं

आई ऊसतोडीला गेली तेव्हा बजावून गेली, "वेलावरचं एवढं एक घोसाळं बियाला ठेवलंय. हे गावठी वाण गावात आपल्याच परसात उरलंय. सगळ्या बायकांना बी द्यायचंय."

मागनं बियाण्याचे दुकानदार गोरक्षशेठ आले. आधी त्यांचं पोट परसात आलं, मग ते. "भज्याला तोडतो रं हे. बियाचं काय, माझ्या दुकानात जगातलं सगळं बी मिळतं."

"तोडा की शेठ," म्या म्हटलं. "फक्त आधी ह्याच घोसाळ्याच्या बियाची पुडी आणून द्या."

शेठ पुडी आणायला गेले, त्याला आज बारा दिवस झाले.

फोनवर हे सांगितलं तर आई लई हसली. म्या विचारलं, "कधी येतीस?"

"त्या घोसाळ्याचं बी पेरायच्या टायमाला."

तवापासून रोज त्या हिरव्या घोसाळ्याला म्हणतो, वाळ की बाबा लवकर.