‘बघू’चं गाठोडं

एका राज्यात राजा राणीच्या पोटी जन्माला येत नसे, तो निवडावा लागत असे. गादी रिकामी झाली की गजध्वज आणि मयूरध्वज ही दोन घराणी आपापला एकेक माणूस पुढे करीत, आणि प्रजा त्या दोघांतून राजा ठरवी. पण पुढे करायचा कोण, हे आधी घरातल्या घरात ठरायला हवं ना? तिथेच खरी मारामारी. परक्याशी भांडताना माणूस जरा तरी रीत पाळतो, घरच्या भांडणात ताळतंत्र राहत नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको.

ही गोष्ट गजध्वजांची. घराणं म्हणजे चार भाऊबंद नव्हेत बरं, अर्धं राज्य त्या झेंड्याखाली होतं. त्यांची रीत अशी, की निवडीच्या दिवशी प्रत्येकाने बुरुजाखाली यावं आणि आपल्या माणसाच्या घंगाळात एक फूल टाकावं. ज्याच्या घंगाळात फुलं जास्त, त्याच्या हाती झेंडा. त्याआधी वारा कुठला आहे ते कळावं, म्हणून तीनदा साळुंक्या सोडायच्या. साळुंक्या बोलक्या होत्या. गावोगाव जायचं, छपरावर बसायचं, “झेंडा कोणाच्या हाती?” असं विचारायचं, आणि ऐकलेलं नाव चोचीत धरून परत यायचं. मग बुरुजावर उभं राहून कौलवाचकाने कौल सांगायचा, शंभरात इतके याला, इतके त्याला.

रीत चांगलीच होती. तिची माती केली उल्मुक मांत्रिकाने. हा उल्मुक एकदा स्वतःच झेंडा मागायला उभा राहिला, कौलात तळाला गेला, आणि असा चिडला म्हणता की बुरुजाच्या कळसावर चढून बसला तो बसलाच. तिथून त्याने शाप दिला. “कौल एवढा लाडका ना तुमचा? मग कौलच तुमचं नशीब होईल! पहिल्या कौलात जो तळाला, त्याची सावली जाईल. दुसऱ्या कौलात जो तळाला, त्याचा आवाज जाईल. तिसऱ्या कौलात जो तळाला, त्याचा दगड होईल.”

झालं! ज्याला सावली नाही त्याला फूल कोण टाकणार? एकदा मागे पडला तो मागेच राहू लागला. बुरुजाच्या पायऱ्यांवर दगडी माणसांची रांग वाढत गेली, आणि लोक माना डोलावून म्हणू लागले, “पाहिलंत? कौल कधी खोटा ठरत नाही.” अरे शहाण्यांनो, ठरेल कसा? समोरच्याचा दगड करून ठेवल्यावर खोटं पाडायला उरतो कोण?

तर त्या वर्षी झेंडा मागायला तिघे उभे होते. एक रणमल्ल सेनापती. लढाया त्याने दोनच मारल्या होत्या, पण पोवाडे इतके गाऊन घेतले होते की पाळण्यातल्या पोराला आईच्या आधी त्याचं नाव यावं. दुसरा पद्मनाभ, गोड बोलणारा. आणि तिसरी तरंगिणी. ही पूर्वेकडची. नदीला घाट बांधले, पुरात नावा सोडल्या, माळावरच्या धनगरांना पाण्याची टाकी खोदून दिली. राजधानीत मात्र तिला कुत्रं ओळखत नव्हतं.

आणि कौलवाचक कोण? तरंगिणीची सख्खी आत्या, विद्युल्लताबाई! सगळे तिला विजूआत्या म्हणत, आणि वीज जशी कडाडते तशीच ती बोले. तिच्या बापाने कौल वाचला, आज्याने वाचला. मोठं मानी घर. त्या घरात एक गोष्ट आजवर कोणाच्या तोंडून बाहेर पडली नव्हती. कोणती, ते पुढे येईलच, घाई करू नका.

पहिला कौल विजूआत्यानेच वाचला. तरंगिणी तळाला. भर उन्हात तिच्या पायाखालची सावली पुसली गेली. दुसरा कौलही विजूआत्यानेच वाचला. पुन्हा तरंगिणी तळाला, आणि गळ्यातला आवाज गेला. आईवेगळी पोर, जिला हाताने भरवून वाढवलं, तिचा आवाज आत्याने स्वतःच्या तोंडाने घालवला.

घरी आल्यावर आत्या भाचीवरच ओरडली. “तुला सांगत होते, उभी राहू नकोस! ऐकलंस माझं? घाट बांध म्हणावं, नावा सोड म्हणावं, पण हा झेंडा कशाला हवा होता तुला?” तरंगिणीने ओठ हलवले. काहीच ऐकू आलं नाही. मग मात्र आत्या मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून हमसून हमसून रडली.

घराच्या आढ्यावर एक म्हातारी साळुंकी राहत असे. पंख थकले होते, पण जीभ थकली नव्हती.

“विद्युल्लते, रडू नको. शाप मोडता येतो.”

“कसा?”

“तीन गोष्टी आण. साळुंकी जिथे कधी बसली नाही तिथला एक दाणा. साळुंक्यांनी वाटेत टाकला तो शब्द. आणि तुझ्या घराण्याने कधी काढले नाहीत ते बोल. तिसऱ्या कौलाला तिन्ही घेऊन बुरुजावर चढ.”

“आणि नाही मिळालं तर?”

“तर पायरीवर जागा आहे,” साळुंकी म्हणाली आणि डोळे मिटून झोपली.

विजूआत्याने पदर खोचला, काठी घेतली आणि निघाली. आधी साळुंक्यांच्याच मागे गेली. पाहते तर काय, रणमल्लाच्या माणसांनी आपल्या आळ्यांतल्या छपरांवर बाजरी सांडून ठेवलेली! पाखरू ते पाखरू. जिथे दाणे दिसले तिथे उतरलं, पोट भरलं, नाव ऐकलं आणि माघारी फिरलं. “अगं बाई,” आत्या कपाळावर हात मारून म्हणाली, “आणि मी म्हणत होते, सारं राज्य बोललं!”

पण साळुंकी कधीच बसली नाही अशी जागा कुठली? चालता चालता आत्या पूर्वेच्या नदीवर आली. तिथे होडीवाले राहत. होडीतच जन्म, होडीतच लग्न, होडीतच चूल. केवडा नावाची एक नावाडीण डोलकाठीला टेकून भाकरी थापत होती.

“बाई, तुमच्याकडे साळुंकी येते का?”

“बसायला छप्पर नको का तिला?” केवडा म्हणाली. “आम्हीही गजध्वजच. माळावरचे धनगरही गजध्वज. पण छप्पर नाही त्याला विचारतंय कोण, आत्याबाई?”

“मी विचारते. झेंडा कोणाच्या हाती?”

होडीहोडीतून उत्तरं आली. कितीएक म्हणाले तरंगिणी. काही म्हणाले रणमल्ल. काहींनी तर तिलाच विचारलं, “पण त्या पोरीला आवाज नाही म्हणतात, मग फूल वाया घालवायचं का?” केवडाने पिठाच्या डब्याशेजारून नाचणीचा एक दाणा उचलून तिच्या हातावर ठेवला.

नदीपलीकडे दरी होती. साळुंक्यांच्या चोचीत नाव मावतं, पण नाव नसलेला शब्द मावत नाही, निसटतो. तसे निसटलेले शब्द वर्षानुवर्षं त्या दरीत पडत होते. आत्याने एक उचलून कानाशी धरला. “बघू,” शब्द म्हणाला. दुसरा उचलला. “बघू.” तिसरा कुठल्याशा म्हातारीच्या आवाजात म्हणाला, “बघू गं बाई, अजून ठरलं नाही.” गुडघ्याएवढा खच पडला होता. आत्याने शेला पसरला आणि गाठोडं बांधायला घेतलं, तोच एका अजगराने तिच्या कमरेला विळखा घातला.

“हे शब्द मी राखतो. एका प्रश्नाचं उत्तर दे आणि घेऊन जा. यातले तुझ्या भाचीचे किती?”

“सगळे!” आत्या बेधडक म्हणाली. विळखा आवळला.

“बरं, निम्मे!” विळखा आणखी आवळला. बरगड्या कुरकुरल्या.

“अरे मेल्या,” आत्या किंचाळली, “त्यांना विचारल्याशिवाय मी कसं सांगू?”

अजगर सैल पडला. “जा,” तो म्हणाला. “इतकी वर्षं झाली, असं बोललेलं पहिलंच माणूस.”

गाठोडं पाठीवर टाकून आत्या परतली. वाटेत माळ लागला, नदी लागली. ज्याला त्याला ती सांगत सुटली, “निवडीला या. कोणाला फूल टाकायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण या.”

निवडीचा दिवस उजाडला. बुरुजाखाली माणसांचा समुद्र. वर कट्ट्यावर तिघे उभे, रणमल्ल मिशीवर हात फिरवत, पद्मनाभ घाम पुसत, आणि तरंगिणी, सावली नाही, आवाज नाही, पण ताठ. साळुंक्या आल्या आणि एकेक नाव बोलून कठड्यावर बसल्या. तिसरा कौल निघाला. शंभरात साठ रणमल्लाला, तीस पद्मनाभाला, दहा तरंगिणीला. तो मोठ्याने वाचायच्या आधीच तरंगिणीच्या पायाची बोटं आत्याच्या डोळ्यांदेखत राखाडी होऊ लागली.

तेवढ्यात कळसावरून उल्मुक खाली वाकला. त्याची दाढी धुरासारखी लोंबत होती.

“विद्युल्लते, तुझ्या जिभेवर सारं आहे. आकडे फिरव. साठ तरंगिणीला, तीस रणमल्लाला, दहा पद्मनाभाला म्हण. ती जगेल, झेंडा तिचा. दगड होईल तो पद्मनाभ. तुझा तो कोण लागतो?”

आत्याचा जीव टांगणीला लागला. खरंच कोण लागत होता तो? एक शब्द, आणि पोर वाचली असती. तिने भाचीकडे पाहिलं. राखाडी आता घोट्यापर्यंत चढली होती. तरंगिणीने नुसती मान हलवली. नाही.

“हो गं माझे बाय,” आत्या पुटपुटली, आणि पुढे होऊन तिने कौल जसा होता तसा वाचला. साठ, तीस, दहा. रणमल्लाची माणसं नाचू लागली. दगड गुडघ्यापर्यंत आला.

“थांबा!” आत्या कडाडली. “माझं वाचून संपलेलं नाही.”

तिने नाचणीचा दाणा कट्ट्यावर ठेवला. साळुंक्या झेपावल्या, एकीने तो टिपला, आणि लगेच सगळ्या एका सुरात कलकलल्या, “नदीवर कोणी गेलं नाही! माळावर कोणी गेलं नाही! बाजरी होती तिथेच गेलो!” रणमल्लाचा हात मिशीवरून खाली आला. दगड कमरेपर्यंत आला होता, तो थबकला.

मग आत्याने गाठोड्याची गाठ सोडली. “बघू!” एक शब्द उडाला. “बघू! बघू! अजून ठरलं नाही! बघू गं बाई!” हजारो आवाज बुरुजावरून खाली पसरले, आणि गर्दीत जो तो दचकला, कारण जो तो आपलाच आवाज ऐकत होता. “हा तर मी!” “अगं, हे मी बोलले होते!” आजवर प्रत्येकाला वाटे, आपण एकटेच ठरवायचे राहिलोय, बाकी सारं जग केव्हाच ठरवून बसलंय.

“तर मग सांग!” उल्मुक वरून गरजला. “एवढं सगळं धरून सांग, झेंडा कोणाचा? तू कौलवाचक आहेस. तुझ्या बापाने सांगितलं असतं!”

आत्याने तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या घराण्याचा मान तिच्या दातांमागे अडकून बसला होता. बापाने कधी म्हटलं नव्हतं. आज्याने कधी म्हटलं नव्हतं. मग तिने डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

“मला माहीत नाही!”

कड्‌कन आवाज झाला. शाप मोडला. पायऱ्यांवरच्या दगडी माणसांनी अंगावरची धूळ झटकली, आणि त्यातला सगळ्यात जुना आळस देत म्हणाला, “काय हो, निवड झाली का?” तरंगिणीच्या अंगावरचे कपचे गळून पडले. पायाशी सावली आली, चांगली लांबलचक, आणि गळ्यातून पहिला शब्द आला, “आत्या!” आत्याने तिला असं कवटाळलं की पुन्हा आवाज जायची पाळी.

मग तरंगिणी लोकांकडे वळली. “मला पोवाडे गाता येत नाहीत,” ती म्हणाली. “घाट बांधता येतात, पाण्याची टाकी खोदता येतात. ज्याला छप्पर नाही त्याच्या दारीही मी विचारायला येईन. पटलं तर फूल टाका.”

इतक्यात नदीकाठाला होड्या लागल्या. होडीवाल्यांकडे बाग कुठली! त्यांनी पाण्यातली कमळं आणली होती, धनगरांनी माळावरची तेरड्याची फुलं. आणि आळ्यांतली माणसं, ती “बघू” म्हणणारी? आता कोणाच्या मागे धावायचं कारणच उरलं नव्हतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्या मनाने तीन घंगाळांपुढे उभी राहिली. कोणी इकडे गेलं, कोणी तिकडे. रणमल्लाचं घंगाळ काठोकाठ भरलं, खोटं कशाला बोला. पण तरंगिणीचं भरून सांडलं, पायऱ्यांवरून फुलं वाहिली, आणि केवडा पदर खोचून ती ओंजळीने वर टाकत राहिली!

रणमल्लाने पाहिलं, मोठा श्वास घेतला, आणि स्वतःच्या हाताने झेंडा उचलून तरंगिणीच्या हाती दिला. “हरलो तर फुलांनी हरलो,” तो म्हणाला. “दगडाला हरवून जिंकलो असतो तर कसला सेनापती?” लोकांनी त्याच्याही नावाने गजर केला. पद्मनाभ त्यात सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, त्याला आपण जिवंत असल्याचा आनंद फार. पुढे मयूरध्वजांशी सामना झाला, तोही तरंगिणीने जिंकला, आणि पूर्वेची पोर गादीवर बसली.

साळुंक्या अजूनही सुटतात. आता होडीच्या डोलकाठीवरही बसतात, आणि “बघू” हा शब्द दोन्ही पायांत धरून आणतात. विजूआत्या कौल वाचते, आणि शेवटी न चुकता म्हणते, “एवढं कळलं. बाकीचं मला माहीत नाही.” लोक हसतात, आणि घरी जाऊन आपापलं ठरवतात.

आणि उल्मुक? शाप मोडला त्या क्षणी त्याचा पत्र्याचा कोंबडा झाला. बसलाय अजून कळसावर, वाऱ्याबरोबर गरगर फिरत. आज वारा कुठून आहे ते तो बरोबर दाखवतो. उद्याचं विचारलं तर चोच उघडत नाही.