वाढवीन म्हणाली ती

फार फार मागची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक नावाडी नि त्याची बायको राहायची. ती बाई एकदा देवीला एक नवस बोलली होती. आपली सगळी गोष्ट त्या नवसाचीच आहे, तेव्हा लहानांनी चुळबुळ थांबवावी नि मोठ्यांनी हातातलं काम जरा खाली ठेवावं.

तिचा मुलगा तेव्हा नुकता रांगायला लागला होता. त्याला असा ताप भरला की अंगाला हात लाववेना. वैद्यानं पुडी दिली, पण मान खालीच घातली. बाई निजायच्या खोलीत लेकराला मांडीवर घेऊन बसली. खोली ती केवढी! एक बाज टाकली की चालायला नुसता बोळ उरायचा. देवीला द्यावं असं सोनंनाणं घरात नव्हतं. बाईनं चहूकडं पाहिलं. खुंटीवरचे कपडे, कोनाड्यातली भांडी, वळकटीतल्या गोधड्या. डोळ्यांना जे दिसलं तेच तिनं देवीपुढं ठेवलं.

"आई," ती म्हणाली, "तू माझं लेकरू वाढव. मी या खोलीतलं सगळं तुझ्या नावानं वाढवीन."

पहाटे लेकराला घाम फुटला आणि ताप उतरला. पण पोराच्या अंगातून निघालेला ताप जणू आईच्या काळजात शिरला. दिवसभर ती स्वतःशी घोकत राहिली, मी काय बोलले? वाढवीन बोलले. म्हणजे या खोलीतलं काही कमी होता कामा नये. कमी झालं, तर देवी दिलेलं परत नेईल.

त्या दिवसापासून त्या खोलीत वस्तू आत जायची, पण बाहेर यायची नाही. फाटलेलं सूप आत गेलं. तडा गेलेली घागर आत गेली. एकदा नावाड्यानं तिथली एक विरलेली गोधडी एका धनगरिणीला दिली. नेमका त्याच संध्याकाळी मुलगा जांभळावरून पडला नि त्याचा हात मोडला. बाई अनवाणी धावत गेली, धनगरिणीच्या पाया पडली आणि गोधडी परत घेऊन आली. नावाड्यानं कपाळाला हात लावला, पण पुन्हा त्या खोलीतल्या कशाला हात लावला नाही.

पुढं नावाडी देवाघरी गेला. मुलगा मोठा झाला, बापाची नाव वल्हवू लागला. घरात सून आली. गुणाची पोर, पण तिला माहेर नव्हतं. तिला दिवस गेले, ते भरत आले, तेव्हा एका सकाळी मुलगा म्हणाला, "आई, सुईण पलीकडच्या काठाला राहते. आज तिला घेऊनच येतो. तोवर तेवढी खोली आवरून ठेव. ओसरीवर वारा लागतो, बाळंतिणीला आतच निजवायला हवं."

मुलगा गेला. सासू-सून कंबर कसून खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. आत गाठोड्यांवर गाठोडी, पेट्यांवर टोपल्या. खिडकी होती म्हणे त्या खोलीला, पण सुनेनं ती कधी पाहिली नव्हती. भर सकाळी आत काळोख होता.

"सासूबाई, ही घागर फुटकी आहे."

"असू दे. नवसातली आहे."

"आणि ही एकच वहाण?"

"दुसरी सापडेल."

"पण आहे कुणाची?"

बाईला आठवेना. "नवसातली आहे," ती म्हणाली.

सून हसली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "मग मी बाळंत होऊ कुठं? फडताळात?"

"असं अभद्र बोलू नये गं. थोडं इकडचं तिकडं केलं की होईल जागा."

मग दोघींनी इकडचं तिकडं केलं. बाज या भिंतीची त्या भिंतीला लावली. टोपल्या बाजेखाली सारल्या. बाजेखालची गाठोडी कोपऱ्यात रचली. कोपऱ्यातली पेटी दाराशी आणली, तर दार लागेना, म्हणून ती परत कोपऱ्यात नेली. दोघी घामाघूम झाल्या, आणि खोली होती तेवढीच राहिली.

एक गाठोडं ओढताना बाईच्या बोटांना काहीतरी लागलं. पातळ. कांद्याच्या पापुद्र्यासारखं. तिनं ते धरून ओढलं. ते येत गेलं. आणखी ओढलं, आणखी येत गेलं, पण टोक येईना. मग दारातल्या उजेडात तिनं ते पाहिलं.

ती कात होती. वाळलेली नव्हती, अजून मऊ होती.

"काय सापडलं हो?" सुनेनं विचारलं.

"काही नाही. जुनी वादी आहे." बाईनं कात पदराखाली दडपली. "तू दमलीस. जा, ओसरीवर जरा आडवी हो. आणि हे बघ, पाय वर घेऊन नीज."

सून गेली. बाई हलेना. खोलीत कुठंतरी, अगदी हळू, चिंध्यांवरून काहीतरी सरकल्यासारखं झालं. तेवढ्यात आढ्यावर पाल चुकचुकली. बाईनं जमिनीवर बोट आपटलं नि "कृष्ण कृष्ण" म्हणाली.

"पुरे झालं ते कृष्ण कृष्ण," वरून आवाज आला. "चुकचुकून माझा घसा बसला. मी सांगायची आणि तू बोट आपटून निजायचीस."

बाईनं भीत भीत वर पाहिलं. पालच बोलत होती. बाई इतकी भ्यालेली होती की आणखी भ्यायला तिच्यात जागाच नव्हती.

"ते लांबडं... अजून आत आहे का गं?" तिनं हळूच विचारलं. त्याचं खरं नाव घरात घेऊ नये, हे तिला त्याही वेळी आठवलं.

"नसायला काय झालं? तुझ्या गाठोड्यांत उंदरांनी संसार थाटले, उंदरांमागं तो आला. तू त्याला घर दिलंस, जेवण दिलंस. तुझा नवस आता वेटोळं घालून बसलाय, बाई."

"कुठं बसलाय तेवढं सांग."

"सांगून काय करशील? एक तरी गाठोडं उंबऱ्याबाहेर नेणार आहेस? तू इकडचं तिकडं केलंस, तसा तोही इकडचा तिकडं झाला." एवढं बोलून पाल वाशामागं दिसेनाशी झाली.

बाई भिंतीला टेकली. सामान काढावं, तर नवस मोडतो, आणि मुलगा या घडीला भर नदीत आहे. सामान ठेवावं, तर याच काळोखात सुनेला निजवायची, आणि तिच्या पायथ्याशी ते. एकीकडं पोटचा गोळा, दुसरीकडं सून नि तिच्या पोटातला जीव. कुणाला वाचवावं आणि कुणाला लोटावं?

तिनं देवघरातला नारळ पदरात घेतला. खोलीच्या दाराला बाहेरून कडी घातली, "खोलीत पाऊल टाकू नको," असं सुनेला बजावलं नि ती देवीकडं निघाली. आईनंच आता नवसातून सोडवावं, नाहीतर आपलाच जीव घ्यावा, असं तिच्या मनात होतं.

देवळात म्हातारी गुरवीण सारवत होती. तिनं हात धुतले, नारळ घेतला, शेंडी सोलली आणि नेहमीसारखं विचारलं, "वाढवू ना गं?"

बाई दचकली. "काय म्हणालीस?"

"नारळ वाढवू का, म्हटलं. कान गेले का तुझे? ते तर माझे गेलेत."

"वाढवू म्हणजे?"

"आता ऐका! म्हणजे फोडू. देवीपुढं फोडणं-मोडणं तोंडातून काढतं का कुणी? नारळ वाढवायचा, फुटलेली बांगडीही वाढली म्हणायची."

"आणि वाढवल्यावर?"

"वाढवल्यावर काय? देवीपुढं ठेवायचं नि चार हातांवर ठेवायचं. देवीच्या नावाचं खोबरं काय पेटीत कोंडतात? कुबट होतं, मुंग्या लागतात." गुरविणीनं दगडावर नारळ वाढवला, पाणी देवीला वाहिलं आणि एक तुकडा बाईच्या तळहातावर ठेवला.

बाई त्या तुकड्याकडं बघत राहिली. तू माझं लेकरू वाढव, मी सगळं तुझ्या नावानं वाढवीन. ते बोलताना तिनं देवीला द्यायलाच तर हात पुढं केला होता. मग भीतीनं तोच हात घट्ट मिटून घेतला, आणि त्या मिटल्या मुठीलाच ती नवस म्हणत आली.

पण ऐका, एवढं कळलं म्हणून तिची भीती गेली नाही. वाटेनं तिच्या मनात एकच येत होतं, हा अर्थ मला सोयीचा आहे म्हणून तर मला खरा वाटत नाही ना? आणि तेवढ्यात नदीवरून वारा उठला.

ती घरी आली तर सून ओसरीवर चौकटीला धरून उभी. चेहरा पांढरा पडलेला. "सासूबाई, कळा यायला लागल्या हो."

आता विचार करायला वेळ उरला नव्हता. बाईनं उंबऱ्याशी जाऊन शेजारणींना हाका मारल्या. मग हातात काठी घेऊन खोलीत शिरली, पहिलं गाठोडं काठीनं हलवलं आणि उचललं. त्यात मुलाची लहानपणची अंगडी होती. उंबऱ्यावर तिचे पाय अडले. बाहेर झाडं वाऱ्यानं वाकत होती. नदीत लेक आहे. तिनं डोळे मिटले.

"आई, तुझ्या नावानं वाढवते," ती म्हणाली आणि गाठोडं हाकेसरशी धावत आलेल्या शेजारच्या कुंभारणीच्या हातात दिलं.

मग वस्तू बाहेर येत गेल्या. गोधड्या धनगरिणीला. तांब्याची भांडी नव्यानं बिऱ्हाड मांडलेल्या एका पोरीला. फाटकं सूप नि मोडक्या टोपल्या चुलीला. फुटकी घागर कोंबड्यांच्या पाण्याला. जे कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं ते मातीला. एकेका वस्तूसरशी वारा वाढत होता, आणि एकेका वस्तूसरशी बाई नदीकडं बघत होती. काठावरून हाक येत नव्हती.

"अहो, आता पुरे. तेवढी एक पेटी राहू द्या, तिनं काय होतंय?" कुंभारीण म्हणाली.

"तीच काढायची आहे," बाई म्हणाली. "तू बाज उंबऱ्याकडं ओढ आणि मागं हो."

तिनं पेटी सरकवली. पेटीमागं ते होतं. काळंभोर. त्यानं मान वर काढली, फणा उभारला आणि बाईकडं पाहत डोलू लागलं. कुंभारीण झटकन उंबऱ्याबाहेर झाली. बाईच्या हातात काठी होती. तिनं ती खाली ठेवली.

"बाबा रे," तिनं हात जोडले, "तुझा यात काही दोष नाही. तुला मीच पोसलं. आता इथं दडायला काही राहिलं नाही. तुझी तू वाट धर."

डोळे त्याच्यावरच ठेवून ती भिंतीभिंतीनं सरकली. मागं हात नेऊन पेटीआड इतकी वर्षं दडलेली खिडकी चाचपली नि फळी ढकलली. फळी कुरकुरली, अडली, मग उघडली. उजेड धो धो आत आला. मोकळ्या जमिनीवर, मोकळ्या भिंतीवर, सगळीकडं उजेड. त्या जनावरानं फणा मिटला, सावली शोधत एक फेरी मारली आणि भिंतीच्या बुडाशी असलेल्या मोरीच्या भोकातून सरसरत बांधाकडं निघून गेलं.

बाईनं मोरीच्या भोकात दगड ठोकला, खोली झाडली, शेणानं सारवली आणि बाज मधोमध टाकली. तिनं नि कुंभारणीनं धरून सुनेला आत आणलं. दिवस कलायला आला होता. नाव आली नव्हती. सुनेचा हात हातात घेऊन बाई मनात एकच म्हणत होती, आई, चुकले असेन तर मला धर, त्याला धरू नको.

तेवढ्यात दारात पावलं वाजली. चिंब भिजलेला मुलगा, आणि त्याच्यामागं सुईण.

"वाऱ्यानं पलीकडच्या काठालाच थोपवून धरलं गं आई," तो म्हणाला. बाईनं नुसता त्याच्या गालाला हात लावून पाहिला. गार होता, पण जिता होता.

सुईणीनं सुनेचं पोट चाचपलं आणि तिचा चेहरा उतरला. "पायाळू आहे, डोक्याआधी पाय येताहेत," ती म्हणाली. "सासूबाई, तुम्ही या अंगाला या. अहो कुंभारीणबाई, तुम्ही त्या अंगाला. मला चारी बाजूंनी फिरायला लागेल, आणि उजेड लागेल." तिनं मान वर करून भोवती पाहिलं. "जागा आहे, हे बरं. मागं एका घरी असंच मूल अडलं होतं. हात फिरवायला जागा नव्हती, दिसत काही नव्हतं. त्या घरचं मला विचारू नका."

बाईनं पेटी होती त्या कोपऱ्याकडं एकदा पाहिलं. पण तिनं सुनेचा हात सोडला नाही. आणि सूर्य पुरता बुडायच्या आत त्या खोलीत एक रडणं उमटलं. बारीक, चिडकं, जितं. मुलगी झाली होती. आई नि लेक दोघी सुखरूप होत्या.

पुढं त्या घरात पुष्कळ वस्तू आल्या नि पुष्कळ गेल्या. भीती कधीमधी दाराशी येऊन उभी राहायची, पण तिला दडून बसायला आत कोपरा सापडायचा नाही.

तात्पर्य काय, तर भीतीनं कोंडून ठेवलेलं घराला डसतं आणि देवाच्या नावानं वाटलेलं घराला तारतं.

तेव्हा मायबहिणींनो, लेकरांनो, गोष्ट ऐकलीत तशी माझी एवढी विनंतीही ऐका. आज आपल्या निजायच्या खोलीत जा. जे नुसतं भीतीपायी ठेवलंय त्यातलं एक तरी उचला. हात थरथरला तरी उचला, देवाचं नाव घ्या, आणि ज्याला गरज आहे त्याच्या ओंजळीत ठेवून या.