घाटातला ओला फडका

“म्हणजे जन्मभर फडकाच बांधत राहायचं का, उस्ताद?”

चिपळूणच्या गॅरेजात शिकाऊ शलाकाने हे विचारलं, तेव्हा तिच्या हातात नवाकोरा इलेक्ट्रिक फ्युएल पंप होता.

इसाक उस्ताद आपल्या छप्पन सालच्या काळ्या मोटारीचं बॉनेट पुसत होते. कुंभार्ली घाटात ती गाडी तापायची, पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि इंजिन खोकत खोकत बंद पडायचं. मग उस्ताद उतरून पंपाला ओला फडका गुंडाळायचे. चाळीस वर्षं हाच उपाय.

“फडक्याने कधी दगा दिला नाही,” ते म्हणाले.

“गाडीने दिला. दर खेपेला. त्याच वळणावर.”

उस्तादांचा हात थांबला...

“बसव तुझा पंप. फडक्याशिवाय घाट चढलीस, तर या गाडीचं इंजिन यापुढे तुझ्या हाती. नाहीतर जुना पंप परत लागेल, आणि तू टायरांची पंक्चरं काढत बसशील.”

“कबूल.”

तिने कुणाला काही विचारलं नाही. जुना पंप काढला आणि नवा त्याच्याच जागी, इंजिनाला लागून बसवला.

उस्ताद बघत राहिले...

भर उन्हात दोघं निघाली. गाडी शलाका चालवत होती. उस्ताद नेहमीसारखे पुढे, शेजारी.

“गिअर बदल. आता नको. आता! अगं, आता म्हटलं ना?”

त्याच वळणावर गाडी खोकली. थांबली.

उस्ताद उतरले. चाकामागे दगड लावला, बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं आणि नव्या पंपाकडे हात नेला.

“हात लावू नका!”

फडका ठिबकत राहिला...

शलाकाने पंपाला बोट लावलं. चटका बसला. मग तिची नजर पाइपवरून सरकत मागे गेली, पार टाकीपर्यंत.

“विस्तवाशेजारी बसून हा एवढ्या लांबचं पेट्रोल ओढतोय... याची जागा टाकीजवळ. याने ओढायचं नाही, मागून ढकलायचं.”

ती गर्रकन वळली. “तुम्हाला माहीत होतं!”

“होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू विचारलंस?”

तिचे कान लाल झाले.

“बांधू फडका?” उस्तादांनी विचारलं. “पाच मिनिटांचं काम.”

“नाही.”

ती पाने आणि वायर घेऊन तापल्या रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली शिरली. पेट्रोल कोपरापर्यंत ओघळलं. एका ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढलं.

“काय ताई, धक्का देऊ?”

“तुमचा ट्रक अडला की सांगा, मी देते!”

उस्तादांनी ओल्या फडक्याने स्वतःची मान पुसली आणि दगडावर बसून राहिले.

दीड तासाने तिने चावी फिरवली. मागून, टाकीजवळून पंपाची टिकटिक ऐकू आली. इंजिन सुरू झालं. घाटमाथा अजून सात वळणं वर होता.

उस्तादांनी चाकामागचा दगड काढला, फडका दरीकडे पिळला, मागचं दार उघडलं आणि मागे बसले. त्या सीटवर त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

“उस्ताद, पुढे या ना. गिअर कधी बदलायचा, कोण सांगणार?”

ते खिडकीबाहेर बघत होते...

“पंप कुठे बसवलास, पोरी?”