फणसाचा पाळणा

भक्तहो, सखानंद महाराज तेव्हा कोकणात कुसवडे गावच्या कृष्णमंदिरात राहत होते. श्रावणाचे दिवस. गोकुळअष्टमी तोंडावर आली आणि पाहतात तो देवाचा जुना पाळणा वाळवीने पोखरलेला!

गावात दाजी मेस्त्री मोठे कारागीर. त्यांच्या पडवीत वाळलेल्या सागाच्या फळ्या रचलेल्या होत्या. ते म्हणाले, "लाकूड देतो, पण पाळण्यावर माझं नाव कोरायचं."

महाराज हसले. "अरे दाजी, बाळ देवकीचं, नाव यशोदेचं, त्यात आता तुझं कुठं घालू?"

दाजी रागाने निघून गेले. तेव्हा येसूबाई पुढे आली. ही सुताराची विधवा. नवऱ्याच्या हाताखाली काम शिकलेली. "महाराज, माझ्या परसातला फणस परवाच वाऱ्याने पडलाय. मी करते पाळणा."

दाजींनी ऐकले आणि ते देवळाच्या पायरीवर सर्वांदेखत म्हणाले, "येसूवहिनी, ओल्या लाकडाचा पाळणा? उकलला म्हणजे देव आपटेल की खाली!" लोक हसले. येसूबाई मान खाली घालून घरी गेली.

तिने पातळ फळ्या काढल्या. टोकाकडून लाकूड चिरते, म्हणून टोकांना मेण चोपडले. मध्ये काठ्या घालून, वारा खेळेल अशा त्या चुलीवरच्या माळ्यावर रचल्या. पण बाहेर पाऊस खळेना. एक फळी वाकली, दुसरीला भेग गेली. अष्टमीच्या आदल्या सकाळी तिने उरलेल्या, अजून ओल्याच फळ्या महाराजांपुढे आणून ठेवल्या आणि तिला हुंदका फुटला.

"महाराज, हरले मी. देवाला जमिनीवर निजवायची पाळी आणली."

"वेडी गं वेडी! तू तुझं केलंस ना? आता ठेव इथं, धुनीपाशी." महाराजांनी फळ्यांवर हात ठेवला, डोळे मिटले आणि नामस्मरणात बुडून गेले.

दुपारी दाजी गंमत पाहायला आले. येसूबाई फळ्यांजवळच बसून होती. त्यांनी फळीवर बोटाचे पेर मारले. टण्! दुसरीवर मारले. टण्! वर्षभर वाळवलेले लाकूडही असे वाजत नाही. दाजींचा चेहरा उतरला. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके टेकवून लगेच उचलले, तो काय नवल! छपराखाली बसलेल्या महाराजांची कफनी निथळत होती, अंगात ताप फणफणला होता, आणि पावलांना ताज्या फणसाचा चीक!

"महाराज, हे काय?"

"अरे, लाकडातला ओलावा कुठं तरी जायलाच हवा ना! येसूच्या चुलीत मावेना, मग मीच घेतला."

दाजींच्या डोळ्यांना धार लागली. "वहिनी, मला क्षमा करा. पाळणा जोडायला माझे हात घ्याल का? नाव नको मला."

येसूबाईने डोळे पुसत पटाशी त्यांच्या हाती दिली.

महाराज कौतुकाने म्हणाले, "पाहिलंस, येसू? फणस वाळला आणि आमचा दाजी ओला झाला!"

आणि दाजींनी त्या चिकट चरणांवर पुन्हा डोके ठेवले. या वेळी ते लवकर उचलले नाही.