गहाण घराचे तीन प्रश्न

एकदा एक तरुण वकील आपल्या गुरूंच्या कचेरीतील एकुलती एक खिडकी भर वैशाखात बंद करून बसला होता. अंग घामाने निथळत होते. पण खिडकी उघडली की समोरच्या इमारतीतील दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी दिसे, आणि ती गॅलरी मुकुंदची होती.

हा मुकुंद त्याचा कोणी शत्रू नव्हे. दोघेही एकाच वर्षी या वृद्ध वकिलांकडे शिकायला आले होते. मुकुंदला कलमे पाठ होत नसत. तिसऱ्यांदा नापास झाल्यावर त्याने वकिलीचा नाद सोडला आणि बाजारपेठेत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान टाकले. शिष्य मात्र पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. गहाण, खरेदीखत, वारसा या विषयांत तालुक्यात त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही. आणि तरीही तो भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता, तर मुकुंदने बँकेचे कर्ज काढून ऐसपैस फ्लॅट घेतला होता. वास्तुशांतीला शिष्य गेला, जेवला, "छान आहे हो" म्हणाला आणि घरी येऊन बायकोवर विनाकारण खेकसला. स्वच्छ शब्दांत सांगायचे तर त्याला मत्सर वाटत होता. मुकुंदच्या घराची एक फरशी जरी उखडली असती, तरी त्या रात्री त्याला गाढ झोप लागली असती.

त्यातून गुरूंचेही मुकुंदवर प्रेम. कचेरीतला पंखा कुरकुरला की ते म्हणत, "आमच्या मुकुंदला बोलवा रे." त्या 'आमच्या' शब्दाने शिष्याच्या अंगाचा तिळपापड होई. रात्र रात्र जागून दस्त मी तयार करायचे आणि 'आमचा' मात्र तो!

गुरू कामानिमित्त जिल्ह्याला गेले असताना एक भुसार व्यापारी कचेरीत आला. त्याला मुकुंदचा फ्लॅट विकत घ्यायचा होता.

"घर मनात भरलंय, वकीलसाहेब," व्यापारी म्हणाला. "त्याच्या वडिलांचं कंबरेचं हाड मोडलंय. जिना चढवत नाही. दोघांनी उचलून न्यावं लागतं म्हातारबाबांना. म्हणून पोरानं तळमजल्यावरचं दुसरं घर बघितलंय, इसारसुद्धा देऊन बसलाय. हे विकलं तरच ते घेता येणार, आणि मुदत महिनाअखेरची. मला तीनच गोष्टी सांगा. बँकेचं कर्ज असलेलं घर विकता येतं का? मूळ कागद कुठं असतात? आणि मी पैसे दिल्यावर बँकेनंच घर धरलं तर?"

एवढ्या बोलण्यातले 'दुसरे घर' हे दोनच शब्द शिष्याच्या कानात शिरले. आम्हाला एक मिळेना, आणि याला दुसरे!

त्याने चष्मा पुसला आणि अत्यंत गंभीर स्वरात सांगितले, "शेठ, ते घर बँकेकडे गहाण आहे. मूळ खरेदीखत मुकुंदकडे नाही, बँकेने ठेवून घेतलंय. बँकेच्या संमतीवाचून व्यवहार केला आणि उद्या हप्ते थकले, तर बँक ते घर ताब्यात घेऊ शकते. मग तुम्ही पैसे देऊन बसलेले असाल तरी बँकेचा हक्क आधी."

"अरे बापरे!" व्यापारी उठलाच.

शिष्याने त्याला थांबवले नाही. व्यापारी गेल्यावर त्याने खिडकी उघडली. कितीतरी दिवसांनी त्याला वारा बरा वाटला.

गुरू परतल्यावर दोनच दिवसांनी तो व्यापारी पुन्हा आला. या वेळी त्याच्या हातात तांदळाची पिशवी होती.

"आपल्या शिष्यानं वाचवलं बघा मला," तो गुरूंना म्हणाला. "मुकुंदरावाला कळवून टाकलं, नको म्हणून. म्हटलं, तुमच्याच माणसानं धोक्याचं सांगितलंय. हा आपला घरचा तांदूळ."

काय सांगितले, ते गुरूंनी नीट विचारून घेतले. शिष्य कपाटात काहीतरी शोधू लागला. आता आपल्याला झाडणार, असे त्याला वाटले. पण गुरूंनी भलतेच केले. ते आपल्या खुर्चीतून उठले, पक्षकारांच्या बाकावर व्यापाऱ्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "शेठ, घटकाभर असं समजा की घर माझं आहे. बँकेचं कर्ज तेवढंच, गिऱ्हाईक तुम्हीच. तेच तीन प्रश्न याला पुन्हा विचारा."

"म्हणजे? कशाला?"

"विचारा तर खरं."

व्यापाऱ्याने गोंधळून पहिला प्रश्न विचारला, आणि शिष्य सवयीने उत्तर देऊ लागला. "विकता येतं, शेठ. गहाण ठेवलं तरी मालक साहेबच आहेत. बँकेचा घरावर बोजा आहे, मालकी नाही. साहेबांनी बँकेकडून किती रक्कम बाकी आहे आणि कोणते मूळ कागद ठेवलेत, त्याचं पत्र आणायचं. तुम्ही ती बाकी साहेबांच्या हातात द्यायची नाही, थेट कर्जखात्यात भरायची. बँक कर्ज फिटल्याचा दाखला देते, बोजा उतरवते, कागद परत करते. उरलेली रक्कम खरेदीखत नोंदवताना साहेबांना द्यायची. हे सगळं आधी लेखी करारात घालून तो नोंदवून घ्यायचा."

"आणि कागद?"

"बँकेत आहेत म्हणजे जपून आहेत. कर्ज देण्यापूर्वी बँकेच्या वकिलानेही ते तपासलेले असतात. तरी तुमच्या बाजूने आपण मालकीचा स्वतंत्र शोध घेऊ, कोणाची हरकत आहे का म्हणून वर्तमानपत्रात नोटीस देऊ. मग बँकेनं घर धरण्याचा प्रश्नच..."

इथे शिष्याची जीभ अडखळली. आपला आवाज आपल्याच कानांवर पडत आहे, हे त्याला तेव्हा उमगले.

व्यापारी त्याच्याकडे बघत राहिला. "अहो, मग हे सगळं त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"शेठ, तुम्ही जरा बाहेर चहा घ्या," गुरू म्हणाले.

व्यापारी बाहेर गेल्यावर गुरू पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसले. शिष्याने पुटपुटत सांगितले, "साहेब, मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो."

"तेच तर दुःख आहे, बाळा. खोटं बोलला असतास तर कोणीतरी पकडलं असतं. तू कायदा बरोबर सांगितलास आणि जिथे मुकुंदचं भलं सुरू होत होतं, तिथे गप्प बसलास. त्याच्याविषयी तुझ्या पोटात दुखतं, हे मला ठाऊक आहे. त्याची मला चीड नाही. माणसाला हेवा वाटतो. पण गहाण घर विकणाऱ्याला आपण पहिली गोष्ट काय सांगतो? घरावर बोजा आहे, हे घेणाऱ्याला आधी सांग. लपवलंस तर ती फसवणूक. मग सल्ला देणाऱ्याला हा नियम नाही का? 'शेठ, या माणसाविषयी माझं मन स्वच्छ नाही, तुम्ही दुसऱ्या वकिलाला विचारा,' एवढं बोलला असतास, तरी तू माझा शिष्य शोभला असतास."

"तुमचा शिष्य तर मुकुंदच आहे," शिष्याच्या तोंडून निघून गेले. इतक्या वर्षांचे साठलेले होते ते.

गुरूंनी त्याच्याकडे आश्चर्याने पाहिले. "पंख्यासाठी मी त्याला बोलावतो. माझी कचेरी कोणाच्या हाती सोडून जातो, ते तू कधी पाहिलंस का?"

 शिष्य बाहेर गेला आणि चहा पिणाऱ्या व्यापाऱ्यासमोर उभा राहिला. "शेठ, मला मुकुंदचा हेवा वाटतो. म्हणून मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. आत्ता आत सांगितलं ते पूर्ण आहे. खात्रीसाठी दुसऱ्या कोणालाही विचारा."

व्यापाऱ्याने कप खाली ठेवला. "मला घर अजून हवंय. साहेबांनाच विचारून पुढं जाईन. पण मुकुंदराव आता माझं ऐकेल का? मी नकार कळवलाय. त्याला आधी तुम्ही भेटा."

शिष्य भर उन्हात बाजारपेठेत गेला. वाटेत त्याने मनाशी पुष्कळ तयारी केली. मुकुंद शिव्या देईल, चार माणसांत अपमान करील. ते सोसायचे, असे त्याने ठरवले. दुकानात मुकुंद मोटारीला तांब्याची तार गुंडाळत होता. मागे खुर्चीवर त्याचे वडील बसले होते. जिना टाळण्यासाठी त्यांना दिवसभर तिथेच बसवून ठेवत.

"मुकुंदा, तो व्यापारी माझ्यामुळे फिरला," शिष्य एका दमात म्हणाला.

"कळलं मला. शेठ म्हणाले तसं." मुकुंदच्या आवाजात राग नव्हता.

"मग तू मला विचारायला का आला नाहीस? भांडायला का आला नाहीस?"

मुकुंदने हात पुसले. "भांडू कशाला? तू सांगितलंस म्हणजे खरंच असणार. मला कायद्यातलं कुठं काय कळतं? मी समजलो, गहाण घर विकता येत नाही. त्या तळमजल्याच्या मालकाला संध्याकाळी नको म्हणून सांगणार होतो. इसार गेला तर गेला. बाबांना उचलायला आहोत की आम्ही दोघं."

शिष्याला वाटले होते, मुकुंद आपल्याला हसत असेल. तो तर इतकी वर्षे आपला शब्द प्रमाण मानून बसला होता.  शिष्य तिथल्याच एका खोक्यावर बसला आणि खुर्चीतल्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "त्या मालकाला काही सांगू नकोस. शेठला घर अजून हवंय. कर्ज असलं तरी घर तुझंच आहे, मुकुंदा. तुला ते विकता येतं."

हे वाक्य उच्चारायला त्याला फार कष्ट पडले. मग मुकुंदने विचारले, "नीट सांग बरं, आधी बँकेत जाऊ का?" आणि शिष्य पहिल्यापासून सगळे सांगू लागला.