हमीचं कलम

उदगीरच्या कॉलेजात एम.ए. अर्थशास्त्राची तोंडी परीक्षा घ्यायला डॉ. राजोपाध्ये आले होते. कांचन बिडवेचा प्रकल्प तुरीची आवक आणि तुरीचा भाव यांच्या संबंधावर होता. आकडेमोड मोफत सॉफ्टवेअरवर केली, असं तिनं सांगताच डॉक्टरांनी प्रकल्प बाजूला सारला.

"फुकटच्या गोष्टीची हमी कोण घेणार? हे मी नापास करतोय. माझं सॉफ्टवेअर बघ, नावाजलेल्या कंपनीचं आहे."

कांचन आपल्या संगणकासमोरून उठली नाही. "सर, त्याची हमी तेवढी वाचून दाखवाल?"

डॉक्टरांनी ऐटीत लॅपटॉप उघडला आणि कंपनीचा करार मोठ्यानं वाचायला घेतला. "उत्तरांच्या अचूकतेची कोणतीही हमी कंपनी देत नाही," इथवर आल्यावर ते अडखळले.

"हमी माझ्याकडेही नाही, सर," कांचन म्हणाली. "पण माझ्या सॉफ्टवेअरचा कोड खुला आहे. उत्तर कसं आलं, ते ओळीओळीनं तपासता येतं. तुमचं तसं उघडून दाखवता येईल?"

डॉक्टरांनी आपला लॅपटॉप मिटला. मग खुर्ची तिच्या संगणकाजवळ ओढत म्हणाले, "पहिल्या ओळीपासून दाखव."