सगळ्यांकडे पाहणारा अँटेना

टेकड्या एकमेकींशी बोलत होत्या, त्या काळची गोष्ट. एका टेकडीवरच्या मनोऱ्यावर अरुंद नजरेचा अँटेना होता. दरीपल्याडच्या करवंदवाडीकडे तो एकटक पाही. तिथल्या दवाखान्याच्या छपरावरची डिश, म्हणजे थाळी, त्याच्याशीच बोले आणि इंटरनेट घेई.

जवळच्या वाड्या कुरकुरल्या, "एकीचेच लाड का?" मग माणसांनी रुंद नजरेचा अँटेना आणला. हा सगळ्यांनाच पाहतो, मग दोन कशाला, म्हणून अरुंदाला उतरवून मनोऱ्याच्या पायाशी टेकवलं.

"आता कोणी उपाशी राहणार नाही," रुंद अँटेना वरून म्हणाला.

"बाबा रे, नजर पसरली की पातळ होते," अरुंद म्हणाला. "आणि कान पसरले की गलका वाढतो."

झालंही तसंच. जवळच्या शंभर थाळ्या एकदम ओरडू लागल्या. त्या कल्लोळात करवंदवाडीची हाक रुंद अँटेनाला पुसट ऐकू येई, पण शब्द लागत नसत. तो जीवाचा कान करी. एका सकाळी दवाखान्याच्या थाळीचे दोनच शब्द पोचले, "दादा... बाळ..." त्याने ओरडून विचारलं, "काय झालं बाळाला?" त्याचा आवाज शंभर वाटांनी फुटला आणि दरीतच विरला.

दुसऱ्या दिवशी करवंदवाडीची हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"मी तिचंच ऐकत होतो रे," रुंद अँटेना रडवेला होऊन म्हणाला.

खालून अरुंद म्हणाला, "ते तिला आता कोण सांगणार?"